जुन्या गाडीचा डिप्पर

खेड्यात ज्याच्या दारात चारचाकी, त्याची ती एकट्याची राहत नाही. आमची मारुती ८०० दिवसा आमची असते. रात्री दाराची कडी वाजली की गावाची होते. कुणाच्या सुनेला कळा सुरू झालेल्या असतात, कुणाच्या छातीत दुखत असतं, कुणाला कुटार (गुरांचा भुसा) काढताना पान लागलेलं, म्हणजे साप चावलेला असतो. १०८ ची गाडी आली तर तिच्यासारखं दुसरं काही नाही, पण ती दुसऱ्या गावचा पेशंट घेऊन गेलेली असली की वाट पाहण्यात जीव टांगणीला लागतो. मग आम्हीच निघतो. आमचं गाव आर्वी तालुक्यातलं. खरांगणा, आंजी, वर्धा आणि पुढे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, हा ठरलेला रस्ता. गाडी मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नव्वदच्या दशकात घेतलेली. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून रात्रीचं स्टिअरिंग माझ्याकडे आलं. त्याबरोबर हेडलाइटची काळजीही माझ्याकडेच आली.

या रस्त्यावर रात्री कोण कोण असतं ते आधी सांगते, कारण दिव्यांचा सगळा विचार तिथूनच सुरू होतो. शेतीच्या फीडरवर थ्री-फेज लाइन कितीदा तरी रात्रीचीच मिळते. ओलिताला गेलेली माणसं त्यामुळे भलत्या वेळी वावरातून परतत असतात. खांद्यावर फावडं, अंगात काळपट स्वेटर, पाय चिखलानं भरलेले. हरभरा-गव्हाच्या दिवसांत रानडुकरं हाकलायला जागलीवर जाणारे असतात. दिवाळीनंतर कापूस भरलेल्या ट्रॉल्या जिनिंगकडे निघतात. कापूस दोन्ही बाजूंनी फुगून बाहेर आलेला, आणि मागे लाल दिवा असेलच याची खात्री नाही. बंड्यांना, म्हणजे बैलगाड्यांना, तर कसलाच दिवा नसतो. संत्र्याच्या हंगामात कारंजा-आष्टीकडची भरलेली वाहनं घाईत पळत असतात. आणि जंगलाच्या पट्ट्यात रोही, म्हणजे नीलगाय. हा राखाडी रंगाचा उंच प्राणी रात्रीच्या डांबरात मिसळून जातो, आणि डोळ्यांवर उजेड पडला की पळायचं सोडून कितीदा तरी जागीच उभा राहतो.

स्वतःचा उजेड नसलेल्यांचा हा रस्ता आहे. ते मला दिसतील तर माझ्याच दिव्यात, आणि त्यांचे डोळे दिपतील तेही माझ्याच दिव्यानं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवून दिवा निवडायचा, एवढंच मला सांगायचं आहे. पण ते साधायला वाटलं त्यापेक्षा बरंच शिकावं लागलं.

ताशी ६० च्या वेगानं गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. काही तरी दिसलं, ते काय आहे हे कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात दीडेक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच २५ मीटर संपले. पुढे थांबायला साधारण तेवढंच अंतर लागतं. टायर झिजलेले असतील किंवा रस्ता ओला असेल तर त्याहून जास्त. तेव्हा ५० मीटरवरचा काळ्या स्वेटरातला माणूस मला दिसायलाच हवा. तो दिसत नसेल, तर वेग कमी करणं किंवा दिवा सुधारणं एवढे दोनच मार्ग उरतात. मागच्या सीटवर कळा देणारी बाई असताना वेग कमी करणंही सोपं नसतं.

गेल्या पावसाळ्यात आमचे दिवे पिवळट आणि मरगळलेले दिसायला लागले. सल्ला सगळ्यांचा एकच होता, एलईडी टाका. चुलत दिरांनी टाकले होते, दुधाच्या गाडीवाल्यानं टाकले होते, आणि दोघंही खूश होते. आर्वीच्या दुकानात डबे मांडलेले होते. कुठे २०,००० लुमेन (हे उजेडाचं माप), कुठे २०० वॅट, कुठे ६५०० केल्विन (हे उजेडाच्या रंगाचं; आकडा वाढेल तसा उजेड निळसर). आकडे मोठे, किमतीत एकमेकांशी मेळ नाही. कोणता घ्यावा हे त्या डब्यांवरून ठरवता येईना, म्हणून आधी गाडीत आज जो बल्ब आहे तो काय करतो ते समजून घ्यायचं ठरवलं. ते समजलं, तेव्हा त्या साध्या काचेच्या बल्बबद्दल मला फार आदर वाटला.

आमच्या गाडीत एच-४ जातीचा हॅलोजन बसतो. हा बल्ब १९७१ पासून चालू आहे आणि आपल्याकडच्या कितीतरी जुन्या मोटारी, जिपा आणि सुमोंत तोच असतो. त्यावर ६०/५५ वॅट लिहिलेलं असतं, म्हणजे अप्परला (लांब जाणाऱ्या झोताला) ६० आणि डिप्परला (खाली वळलेल्या झोताला) ५५. एकाच काचेत दोन तारा असतात. डिप्परची तार पुढे असते आणि तिच्या खाली धातूची इवलीशी वाटी असते. तारेचा खालच्या बाजूला जाणारा उजेड ही वाटी अडवते. त्यामुळे उजेड फक्त रिफ्लेक्टरच्या, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत वाडग्याच्या, वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्याकडे वळतो. वाटी नसती तर रिफ्लेक्टरच्या खालच्या भागानं तोच उजेड वर, समोरच्याच्या तोंडावर फेकला असता. आणखी एक बारकावा आहे. वाटीची एक कड १५ अंशांनी कललेली असते. त्यामुळे आपल्या डाव्या हाताला, जिथून माणसं पायी चालतात, तिथे उजेड थोडा वर चढतो. उजव्या हाताला, जिथून समोरचं वाहन येतं, तिथे तो आडव्या रेषेत कापला जातो. अप्परची तार मागे असते, तिला वाटी नाही. ती पेटली की पूर्ण रिफ्लेक्टर कामाला लागतो. आमच्या दिव्यावरची काच खरोखरच काच आहे, तिच्यावरच्या धारा हा उजेड आडवा पसरवतात.

कित्येक दशकांपूर्वी कुणीतरी बसून डावीकडच्या पादचाऱ्याचा आणि उजवीकडच्या डोळ्यांचा एवढा विचार केला, आणि तो नखाएवढ्या पत्र्यात बसवला. हे सगळं टिकतं ते एका अटीवर. तार नेमून दिलेल्या जागीच हवी. ती दीडेक मिलिमीटर जाड आणि जेमतेम पाच-साडेपाच मिलिमीटर लांब असते. मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं की उजेडाची ती कापलेली रेषा विस्कटते.

एलईडीत तार नसते. पातळ पट्टीच्या दोन बाजूंना उजेड देणाऱ्या बारीक चिपा बसवलेल्या असतात. तार चहूबाजूंनी उजेड देते, चिप फक्त आपल्या तोंडासमोर देते. पट्टी जाड असली तर दोन चिपांमध्ये अंतर पडतं, आणि एका उगमासाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरपुढे दोन उगम उभे राहतात. म्हणून घेताना मी पहिल्यांदा पाहीन ती गोष्ट ही: जुना हॅलोजन हातात धरायचा, पण काचेला बोट लागू न देता, कारण बोटाच्या तेलानं काच तापून बल्ब लवकर जातो. त्याच्या शेजारी एलईडी धरायचा. डिप्परच्या चिपा बरोबर डिप्परच्या तारेच्या जागी आहेत का? लांबी तेवढीच आहे का? खाली वाटी आहे का? पट्टी बारीक आहे का? यातलं काही चुकत असेल तर डब्यावर काहीही लिहिलेलं असो, तो बल्ब माझ्या उपयोगाचा नाही.

दुसरी गोष्ट लुमेनची. एच-४ च्या प्रमाणानुसार १३.२ व्होल्टवर डिप्परला १,००० आणि अप्परला १,६५० लुमेन धरतात. चांगली एलईडी एका वॅटला शंभर-दीडशे लुमेन देते. मग २०,००० लुमेनला निदान १३०-१४० वॅट खर्च व्हायला हवेत, आणि त्याची उष्णता एका मुठीत मावणाऱ्या बल्बमधून बाहेर पडायला हवी. ते होत नाही. हॅलोजनची उष्णता बरीचशी उजेडाबरोबर पुढे निघून जाते. एलईडीची उष्णता चिपेच्या पाठीमागे साचते, ती काढायला ॲल्युमिनियमच्या पात्या आणि छोटा पंखा लागतो. वर्धा-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो; बॉनेटखाली त्याहून किती तरी जास्त. त्यात कापसाच्या दिवसांत हवेत पुंजके, उन्हाळ्यात फुफाटा. तो बारीक पंखा अडकला की चिप तापते, तापली की उजेड आपोआप कमी करते, आणि तरीही नाही भागलं तर मरते. दुकानात बॅटरीला लावून दाखवलेला उजेड हा पहिल्या मिनिटाचा उजेड असतो. पंधरा मिनिटं जळू देऊन मग पाहावा.

एलईडीच्या बाजूनं एक गोष्ट मात्र मोठी आहे, आणि ती जुन्या गाडीवाल्यानं मनावर घ्यावी. ५५ वॅटचे दोन हॅलोजन मिळून नऊ अँपिअरच्या आसपास करंट ओढतात. चांगली एलईडी जोडी त्याच्या निम्म्याहून कमी ओढते. ज्या गाडीची वायर, स्विच, अल्टरनेटर सगळंच थकलेलं आहे, तिला हा खरा आराम आहे. शंभर-नव्वदचा हॅलोजन टाकणाऱ्यांनी तर याचा विचार करावाच. तो सोळा-सतरा अँपिअर ओढतो, होल्डर वितळवतो, आणि समोरच्याचे डोळे घालवतो ते वेगळंच.

वायर थकलेली आहे हे मला गावातल्या वायरिंगवाल्या भाऊनं दाखवलं. ट्रॅक्टरपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांची वायरिंग तोच करतो. मी बल्बची चौकशी केली तर त्यानं बल्बकडे पाहिलंच नाही. मल्टिमीटर काढला, गाडी चालू करायला लावली, डिप्पर लावला, आणि आधी बॅटरीवर मोजलं. १३.८ व्होल्ट. मग दिव्याच्या मागचा रबरी बूट सरकवून होल्डरच्या कपलरवर मोजलं. ११.३.

“वहिनी, तुमच्या गाडीले बल्ब नाही पाह्यजे,” तो म्हणाला. “करंट पाह्यजे. इथून निघते पुरा, तिथं पोचतच नाही ना.”

आमच्याकडे कॅनॉलच्या शेपटाला असलेल्या वावरांचं जे होतं तेच दिव्यांचं झालं होतं. बॅटरीतून निघालेला करंट आधी डॅशबोर्डकडे, मग स्टिअरिंगच्या दांडीवरच्या स्विचमध्ये, तिथून परत पुढे दिव्यापर्यंत जातो; बारीक वायर, हिरवट पडलेली टोकं, गंजलेला अर्थ, प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा मुरतो. आणि हॅलोजनला याचा फार मोठा फटका बसतो. व्होल्टेज जितकं उतरतं त्याच्या कितीतरी पट उजेड उतरतो. ढोबळ हिशेबात उजेड व्होल्टेजच्या ३.४ घाताच्या प्रमाणात बदलतो. १३.२ चे १२ व्होल्ट झाले तर पाव भागाहून जास्त उजेड गेला. आमच्या ११.३ ला जेमतेम साठ टक्के उरला होता. म्हणजे बल्ब चांगला होता, त्याला जेवायलाच मिळत नव्हतं.

काम एका दुपारचं होतं. बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर थेट दिव्यांपर्यंत आणली, अप्परला एक आणि डिप्परला एक असे दोन रिले, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट सोडणारे स्विच, बसवले. आता दांडीवरच्या स्विचमधून फक्त रिलेला इशारा जातो, मोठा करंट जात नाही, त्यामुळे तो स्विचही जास्त टिकेल. अर्थची टोकं घासून बॉडीच्या उघड्या पत्र्यावर घट्ट केली आणि ग्रीस लावलं. त्यानं आधी टेस्ट लॅम्प लावून एक गोष्ट तपासली, ती इतरांनीही तपासावी. जपानी घडणीच्या काही जुन्या गाड्यांत हेडलाइटचा स्विच प्लसऐवजी अर्थ तोडतो. तिथे बाजारातला तयार रिले सेट किंवा साधा एच-४ एलईडी नुसता खुपसला तर अप्पर-डिप्परचा गोंधळ होतो आणि माणूस बल्बला नावं ठेवत बसतो.

पुन्हा मोजलं तेव्हा होल्डरवर १३.४ व्होल्ट आले. तेच जुने बल्ब. संध्याकाळी मामाजी अंगणात खुर्ची टाकून बसले होते, त्यांनी नुसतं एवढंच म्हटलं, “हा आहे आपल्या गाडीचा लाइट. मी घेतली तवा असाच होता.”

तरी एलईडीचा विचार सोडला नव्हता. ओळखीच्या दुकानदाराकडून दोन प्रकारच्या जोड्या पाहायला आणल्या, एक स्वस्तातली आणि एक बऱ्यापैकी नावाजलेल्या कंपनीची. अंधार पडल्यावर गाडी शाळेच्या पांढऱ्या भिंतीसमोर नेली. जमीन सपाट, भिंतीपासून दिवे १० मीटरवर. दिव्याच्या मध्याची उंची जमिनीपासून मोजून तीच भिंतीवर खडूनं आखली, आणि तिच्या १० सेंटिमीटर खाली दुसरी रेघ. डिप्परच्या उजेडाची वरची कड त्या खालच्या रेघेवर यायला हवी. गावातली पोरं खडू धरायला हजरच होती.

हॅलोजनची कड स्वच्छ दिसली. उजवीकडे आडवी रेषा, डावीकडे वर चढणारा तो पंधरा अंशांचा उतार, वरती अंधार. स्वस्तातली एलईडी लावली तेव्हा भिंत लखलखली आणि पोरांनी टाळ्या पिटल्या, पण रेषा कुठे शोधू? खाली उजेडाचा मोठा गोळा, वरच्या रेघेच्याही वर दोन डाग, कौलांपर्यंत धुरकट पांढरं. तो वरचा सगळा उजेड रस्त्यावर कुणाच्या तरी डोळ्यांत जाणार होता. चांगली जोडी बरीच बरी निघाली. तिची कॉलर, म्हणजे बल्ब दिव्यात बसवायची कडी, फिरवता येत होती. चिपा बरोबर डावी-उजवीकडे येतील अशी फिरवल्यावर रेषा उमटली, उतारही दिसला, फक्त कड हॅलोजनइतकी नेमकी नव्हती.

मग तीच चांगली जोडी घेऊन आंजीच्या रस्त्यावर गेले. तिथे जे दिसलं ते भिंतीवर कळलं नसतं. बॉनेटपुढच्या दहा-पंधरा मीटरमध्ये रस्ता दिवसासारखा पांढरा होता, बारीक खडा मोजता यावा असा. मनाला वाटतं, वा, किती दिसतंय. पण जवळचा उजेड फार झाला की बाहुली आक्रसते, आणि लांबचं, जिथे रोही उभा असतो, ते आणखी काळं होतं. चिपेचा उजेड मुळात निळा असतो. त्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप देऊन तो पांढरा करतात. या निळ्या एलईडीसाठीच अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. माझ्या घरातले, शाळेतले, गोठ्यातले सगळे दिवे त्यांच्याच शोधाची देणगी आहेत आणि मी त्यांची मनापासून ऋणी आहे. पण ६५०० केल्विनचा तो निळसर पांढरा उजेड त्या रात्री हवेतल्या धुळीवर आदळून परत माझ्याच डोळ्यांवर येत होता. हॅलोजनचा उजेड ३२०० केल्विनच्या आसपास, पिवळसर असतो. धुळीत आणि पावसात मला तो सोसतो. एलईडी घ्यायचीच असेल तर चार-साडेचार हजार केल्विनची मिळते का पाहावं, असं माझं मत झालं.

आता समोरच्याचं. आमच्या शेजारचे काकाजी मागच्या हिवाळ्यात ओलिताहून परतत होते. समोरून आलेल्या गाडीच्या पांढऱ्याफटक लाइटनं ते असे दिपले की रस्त्याची कड सुटली आणि सरळ नालीत गेले. खुब्याला मार बसला, अजून काठीशिवाय चालता येत नाही. गाडी थांबली नाही. चालवणाऱ्याला ते दिसलेच नसतील, असंही असू शकतं. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग गढूळ होत जातं. येणारा उजेड त्यात विखुरतो, आणि दिपलेला डोळा पूर्ववत व्हायलाही तरुणापेक्षा जास्त वेळ घेतो. मामाजी ऑपरेशनच्या आधी सांगायचे की समोरचा एक दिवा त्यांना अख्ख्या रस्त्यावर पसरलेला दिसतो. रात्री ओलिताला जाणारे गावात बहुतेक साठीच्या पुढचेच आहेत, तरुण पोरं पुण्या-नागपुराकडे. तेव्हा माझ्या दिव्याची परीक्षा घ्यायची तर काकाजींच्या डोळ्यांनी घ्यायला हवी.

कायद्यातही तेच डोळे धरलेले आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ सांगतो की पुढचा दिवा कायम खाली वळवलेला असावा किंवा चालवणाऱ्याला तसा खाली वळवता यावा, इतका की दिव्यापासून ८ मीटरवर, उजव्या बाजूला अर्धा मीटर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत तो दिपू नये. दीड मीटर म्हणजे डोक्यावर भारा घेऊन चालणाऱ्या बाईच्या डोळ्यांची उंची. मी स्वतः तिथे जाऊन उभी राहिले. भाच्याला गाडीत बसवलं, आठ मीटर पावलांनी मोजले आणि दिव्याच्या जरा उजवीकडे थांबले. हॅलोजनचा डिप्पर डोळ्यांना लागला नाही. चांगली एलईडी थोडी टोचली. स्वस्तातल्या जोडीपुढे मला हात आडवा धरावा लागला. बल्ब घेणाऱ्या प्रत्येकानं एकदा हे करावं, यासाठी पैसे लागत नाहीत.

जर्मनीसारख्या देशातही हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब रस्त्यावर चालवायला परवानगी मिळाली ती २०२० मध्ये, ऑसरॅम कंपनीच्या एका बल्बपासून, आणि तीही तपासून मंजूर केलेल्या ठरावीक गाड्यांपुरती. कारण तेच, बल्ब आणि रिफ्लेक्टर ही जोडी आहे. एकाच्या जागी दुसरा आणला तर दोघांची एकत्र परीक्षा व्हायला हवी. जुन्या जिपांसारखे सात इंची गोल दिवे असणाऱ्यांना आणखी एक बरा मार्ग आहे. नुसता बल्ब बदलण्याऐवजी एलईडीसाठीच घडवलेला अख्खा गोल दिवा, रिफ्लेक्टर-भिंगासकट, मिळतो. चांगल्या कंपनीचा असेल तर त्याची रेषा स्वच्छ असते. आमच्या चौकोनी दिव्यांना ती सोय नाही.

मी हॅलोजनच ठेवला. नेहमीचा ६०/५५, नावाजलेल्या कंपनीचा, दोन्ही बाजूंना नवा. जास्तीची जोडी डॅशबोर्डच्या खणात आहे, आणि तशीच जोडी आंजीच्या छोट्या स्पेअरच्या दुकानातही दोन-तीनशे रुपयांत मिळते. रात्री पेशंट गाडीत असताना काही झालं तर मोबाइलच्या उजेडात मला तो बदलता येतो. वर्षभर रोज रात्री धावणारी गाडी असती, वायरिंग नवी करणं शक्य नसतं, तर ती चांगली एलईडी जोडी मी कॉलर नीट फिरवून, भिंतीवर रेषा मिळवून लावली असती. पण भिंत न पाहता नाही.

रिफ्लेक्टरबद्दल एक सूचना. आतला रिफ्लेक्टर कळकट दिसला म्हणून फडक्यानं पुसायला जाऊ नका. त्यावरचा ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की धुळीबरोबर तोही निघतो. तो काळवंडला असेल तर दिवाच नवा घ्यावा, कोणताही बल्ब त्याला वाचवू शकत नाही. प्लास्टिकची काच पिवळी पडलेली असेल तर ती मात्र बारीक पॉलिश पेपरनं पाण्यात घासून उजळते. आणि मागचा रबरी बूट फाटलेला असेल तर आधी तो बदला. एलईडीचा पंखा बाहेर काढण्यासाठी पुष्कळ जण तो बूट कापतात, मग पहिल्याच पावसाळ्यात दिव्यात पाणी साचतं.

दिव्यांचा कोन बसवताना वायरिंगवाल्यानं शेवटी जे केलं ते मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं. गाडी रिकामी असताना रेषा जुळली होती. त्यानं तीन मोठ्या माणसांना मागच्या सीटवर बसायला सांगितलं. मागून गाडी दबली, आणि भिंतीवरची रेषा हातभर वर चढली. “वहिनी, तुम्ही रात्री कवा एकट्या जाता?” त्यानं विचारलं. खरंच, रात्री मी एकटी कधीच जात नाही. मागे पेशंट असतो, सोबत दोन नातेवाईक, पायाशी गाठोडी. या गाडीत दिवे आतून खालीवर करायची सोय नाही. मग आम्ही तिघांना तसंच बसवून ठेवून दोन्ही स्क्रू फिरवले आणि भरल्या गाडीची रेषा खालच्या रेघेवर आणली. रिकाम्या गाडीत आता उजेड थोडा जवळ पडतो. चालतं, तेव्हा मी सावकाश जाते.

एलईडीचे जे पैसे वाचले त्यातून परावर्तक टेपचे रोल आणले, पांढरे आणि लाल. ही टेप उजेड जिथून आला तिथेच परत पाठवते, म्हणून मरगळलेल्या दिव्यातही लांबून दिसते. कापसाच्या ट्रॉल्या निघायच्या आत शेजारच्या सगळ्या ट्रॉल्यांच्या आणि बंड्यांच्या मागे लाल, पुढे पांढरी लावून झाली पाहिजे, असं ठरलं आहे. ट्रॉलीच्या पत्र्यावर ती छान बसते. आधी पत्रा पुसून अगदी कोरडा करावा लागतो. बंडीच्या खरबरीत लाकडावर मात्र महिनाभरात सुटते. त्यासाठी काकाजींनी जुन्या तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून ठेवले आहेत. पत्र्यावर टेप चिकटवायची आणि पत्रा खिळ्यानं बंडीला ठोकायचा. अर्ध्या गावाच्या बंड्या झाल्या, उरलेल्या या आठवड्यात होतील.